लाल म्हणजे फेज

क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात मी वायरमन होतो. तेव्हा मला तीन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: लाल वायर फेजची, म्हणजे करंट आणणारी, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. एवढ्या भांडवलावर मी ताठ मानेनं फिरायचो.

बायको घरी ब्लाउज शिवायची. पायमशीन मारून तिच्या पोटऱ्या भरून यायच्या. तिचा भाऊ जर्मनीत कारखान्यात कामाला होता. सुट्टीवर बोटीनं येताना त्यानं तिच्यासाठी मोटारीवर चालणारं जुनं शिलाई मशीन आणलं, अख्खं लोखंडी. त्याची पिन आपल्या सॉकेटात जाईना. मेहुणा म्हणाला, "दाजी, मी दौलताबादला जाऊन येतो, मंग दोघं मिळून बघू." मला हसू आलं. पिन बसवायला वायरमनला मेहुणा कशाला लागतो?

तो गेल्यावर मी पिन कापली. आत लाल, काळी आणि करडी वायर. तिकडं हिरवा रंग मिळत नसेल, असं समजून मी करडीला अर्थिंग केलं आणि आपली थ्री-पिन बसवली. टेस्टर खिशात होता, तो खिशातच राहिला. बटण दाबलं. मशीन ढिम्म.

"बोटीत बसून जाम झालंय," मी निदान केलं. "चाकाला हातानं धक्का दे."

पायमशीनला ती रोज तसाच धक्का द्यायची. तिनं लोखंडी चाक धरलं आणि तिचा हात तिथंच चिकटला. मी बटण बंद केलं तशी ती फरशीवर कोसळली. डोळे उघडेना. आपण हिला मारलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. थोड्या वेळानं तिनं पाणी मागितलं, तेव्हा मला रडू आलं.

संध्याकाळी मेहुण्यानं वायर पाहिली. "दाजी, तिकडच्या जुन्या मशीनला लाल म्हंजी अर्थिंग, ती लोखंडाला जोडलेली असती. तुमी सगळा करंट मशीनच्या अंगात सोडला. थांबा म्हणलं व्हतं ना?" बायको पलंगावरून ऐकत होती.

तिचा भाजलेला तळवा भरून यायला दोन महिने लागले. ती मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त तेव्हापासून मी घरात काहीही जोडलं, पंखा असो की इस्त्री, ती दोन्ही हात पदराखाली घेऊन लांब उभी राहते.

"आधी तुमी हात लावा," म्हणते.

मी लावतो.