खारट मातीचा पंचनामा

ती घटना मला आजही आठवते, आणि तीही नेमकी जेवायला बसल्यावर, कुणी ताटात मीठ वाढलं की. बायको म्हणते, निवृत्त झालात, आता तरी ठाणं ताटाबाहेर ठेवा. जमत नाही.

तेव्हा मी तंजावूरजवळच्या एका ग्रामीण ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. उदारीकरणाचे दिवस. गावोगावी टेलिफोनचे बूथ निघत होते, नव्या कारखान्यांसाठी वीजवाहिन्या टाकल्या जात होत्या आणि भंगारवाल्यांची चंगळ होती. तारा-पट्ट्या चोरीला गेल्याच्या तक्रारी सारख्या यायच्या. त्यामुळे भातशेतांमधल्या सबस्टेशनातून खबर आली तेव्हा मला नवल वाटलं नाही. तिथल्या एका वायरमनने लोखंडी कपाटाची मूठ धरली आणि झटका बसून त्याचा हात भाजला. बिघाडाची वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची लोखंडी पट्टी खड्ड्यात दोन हात गायब होती. तक्रारीत सरळ लिहिलं होतं, चोरी.

दुसऱ्याच दिवशी फाटकासमोरचा चहावाला बोलला. "अय्या, म्हातारे फोरमन दर शुक्रवारी सकाळी मोपेडवर पोतं बांधतात. फावडं घेऊन मागच्या बाजूला जातात."

"पोतं आणताना पाहिलंस की नेताना?"

"पोतं पाहिलं, अय्या."

खबऱ्यांचं हे असंच. पोतं दाखवतात आणि ते कुठल्या दिशेला चाललं होतं ते विसरतात.

फोरमनच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले, म्हणजे आमच्यातलेच, पिढ्यान् पिढ्या तिथे राहून मराठी बोलणारे. मी त्यांना माझ्या टेबलासमोर बसवलं. तमिळमध्ये सुरुवात केली, मग घरच्या बोलीवर आलो.

"काका, पोत्यांत काय होतं?"

"मी चोर नव्हें, एवढं लिहून घ्या," ते म्हणाले. "पोत्याचं विचारूं नका."

"सांगितलं नाहीत तर चोरी तुमच्यावर येईल. पेन्शन अडकेल."

"सांगितलं तरी अडकेल, सार."

हवालदार माझ्या कानाशी लागला, "हा कबुलीजबाबच झाला की." मला तसं वाटेना. चौकशीत चोर पोलिसाच्या तोंडाकडे बघत असतो, कुठवर कळलंय याचा अंदाज घेत. काका खिडकीतून बाहेरच्या विजेच्या खांबाकडे बघत होते. वरची, तारा पेलणारी चिनी मातीची भांडी तडकली आहेत की काय, ते तपासत असावेत. मी त्यांना घरी पाठवलं.

सकाळी पंचनाम्याला गेलो. आमच्याकडे त्याला मकजर म्हणतात. खड्ड्यापाशी उकिडवा बसलो आणि पहिली गोष्ट दिसली ती ही, की ट्रान्सफॉर्मरवरून खाली आलेली तांब्याची जाड पट्टी जागच्या जागी होती. तांबं सोडून दोन हात लोखंड नेणारा चोर मी नोकरीत पाहिला नव्हता. दुसरं म्हणजे खड्ड्याच्या कडेला पांढरी बुरशी धरल्यासारखं काहीतरी होतं. बोटावर घेऊन चाखलं. हवालदार म्हणाला, "सार, नाश्ता झाला नाही का?"

खारट होतं. कालव्याच्या गोड्या पाण्याच्या मुलखात ही माती खारट कशी?

अजून खोदायला लावलं. उरलेल्या पट्टीचं टोक कापलेलं नव्हतं. ते झिजत झिजत पापडाइतकं पातळ झालं होतं आणि जिथे पट्टी संपली तिथून पुढे तिच्याच रुंदीची तांबूस गंजाची रेघ मातीत गेली होती. चोरीला काहीच गेलं नव्हतं. पट्टी मातीतच मुरली होती.

सबस्टेशनच्या तरुण इंजिनियर बाईने सगळा उलगडा केला. अर्थिंगमध्ये मीठ घातलं की ओल धरते, मोजमाप उत्तम येतं, पण तेच मीठ लोखंड खातं, त्यातून तांब्याला जोडलेलं लोखंड तर लवकरच. म्हणून तिने वर्षापूर्वीच मीठ बंद करण्याचा लेखी हुकूम काढला होता. हुकुमाखाली फोरमनची सही होती.

मी काकांच्या घरी गेलो. "उप्पु कुठून आणत होतां, काका?"

त्यांनी दार लोटून घेतलं. "वेदारण्यमचं जाडं मीठ. ऑफिसनें बंद केलं, मग मी माझंच नेत होतों. माझ्या वस्तादानें शिकवलेलं, अर्थिंग उपाशी ठेवूं नये. ती मुलगी कालची. मला वाटलं, मी गेल्यावर कोण बघणार त्या यार्डाकडे?"

मग मला ते सांगावं लागलं. चोरी झालीच नव्हती, पट्टी मिठाने खाल्ली होती. ते ऐकल्यावर त्यांनी आधी विचारलं, वायरमनचा हात कसा आहे. हात भाजलेल्या वायरमनला काम त्यांनीच शिकवलं होतं.

"मीठ रिपोर्टात घालत नाही," मी म्हणालो. "नुसता गंज लिहितो." खात्याच्या नियमात हे बसत नव्हतं, पण त्या क्षणी मला त्यांच्यावर फार माया आली होती.

"घाला," काका म्हणाले. "नाही लिहिलं तर माझ्यामागून येणारा पण मीठ घालेल."

मी लिहिलं. त्यांच्यावर ठपका आला, पेन्शन काही महिने रखडली, पण मिळाली. उरलेले दोन महिने ते त्या इंजिनियरबरोबर एकेक खड्डा उघडून नवी पट्टी टाकत होते, आणि दर खड्ड्याला तिच्याशी भांडत होते.

माणूस काही लपवतो म्हणजे गुन्हाच लपवतो असं नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. कधी कधी तो आपली माया लपवत असतो. आणि मायेनेही हात भाजतो.

निवृत्तीनंतर काका एकदा ठाण्यात आले. कॉफी नको म्हणाले, थेट मागच्या अंगणात गेले. आमच्या अर्थिंगच्या खड्ड्याशी कष्टाने वाकले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अळणी आहे. बरं आहे."