ताईचं चर्च शोधताना

आमच्या वडिलांचं, अण्णांचं तेरावं झालं त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आता मला कुनाची आडकाठी न्हाई. माझ्या लेकीकडं ने मला."

आमचं गाव पाटणच्या पलीकडं, कोयनेच्या खोऱ्यात. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. नर्सिंग शिकायला ती मिरजेला गेली. तिथंच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती मुलाशी तिनं लग्न केलं आणि बाप्तिस्मा घेतला. अण्णांनी घरातले तिचे फोटो काढून टाकले. आईनं दोन-तीनदा विषय काढला तेव्हा ते जेवणाच्या ताटावरून उठून गेले. मग आईनंही तो काढायचं सोडलं.

मी बारावीत असताना ताईचा एकदा फोन आला. आई शेतावर गेली होती. अण्णा ओसरीवर खुर्चीत बसले होते आणि मी आत पुस्तक घेऊन बसलो होतो. ताई पलीकडून काय म्हणाली ते कळलं नाही. अण्णांचं मात्र स्पष्ट ऐकू आलं. "तुझी आई वारली. महिना झाला. आता हितं कुनासाठी फोन करतीस?"

त्यांनी फोन ठेवला. मी दारात आलो तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे तुझ्या आईच्या कानावर घालायचं न्हाई."

मी घातलं नाही. संध्याकाळी आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. हातपाय धुऊन तिनं मला चहा करून दिला आणि मी तो प्यालो. त्यानंतर ताईचा फोन कधी आला नाही.

पुढं मी शिक्षक झालो आणि सांगलीतल्या एका शाळेत लागलो. ताई याच शहरात आहे एवढं आम्हाला ठाऊक होतं. करोनाच्या आधी आमच्या गावची एक बाई डोळ्याच्या ऑपरेशनला सांगलीला आली होती. तिनं रिक्षातून जाताना ताईला पाहिलं होतं. रविवार होता, अंगावर पांढरी साडी, हातात काळं पुस्तक आणि चर्चमधून सुटलेल्या बायकांचा घोळका. कुठलं चर्च, कुठला रस्ता, ते तिला सांगता येईना. मी ठरवलं असतं तर ताई महिनाभरात सापडली असती. पण ती भेटली की पहिली आईची चौकशी करणार आणि मग तो फोन निघणार. या भीतीनं मी सहा वर्षं काढली.

आई माझ्या दोन खोल्यांत राहायला आली आणि आम्ही रविवारी बाहेर पडायला लागलो. ती मोटारसायकलवर मागं एका अंगावर बसायची, एक हात माझ्या खांद्यावर. दर रविवारी निघताना मी ठरवायचो की आज वाटेत गाडी थांबवून सगळं सांगून टाकायचं.

पहिल्यांदा गेलो ते जुनं दगडी चर्च. आईनं पायरीवर चपला काढल्या. बाकीचे लोक चपलांसकट आत जात होते, ते तिनं बघितलं, पण परत घातल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन ती बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसली. तिथल्या बायकांच्याही डोक्यावर पदर होते, त्यामुळं मागून कुणाचा चेहरा दिसेना. गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले, तशी आई बाकाच्या कडेनं पुढं सरकत एकेकीकडं वाकून बघू लागली. उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत होते. मी ताईचं नाव सांगितलं. त्यांनी दोन-चार जणांना विचारलं, पण कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी कॅथलिक चर्चला गेलो. सगळे गुडघ्यावर आले तशी आईही आली, तिचे गुडघे दुखत असतानाही. प्रसादासाठी रांग लागली तेव्हा मी तिला थांबवायच्या आतच ती रांगेत जाऊन उभी राहिली. फादरनी तिला काहीतरी विचारलं, तिनं नुसताच हात पुढं केला. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला न्हाई दिला परसाद."

"बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच देतात, आई."

"ताईला देत असतील न्हवं?"

"हो."

"मग बास."

तिथल्या एका बाईनं आम्हाला शनिवारी उपासना करणाऱ्या मंडळीचा पत्ता दिला. नर्सेस तिथं पुष्कळ जातात, म्हणाली. म्हणून शाळेतून अर्धी रजा काढून एका शनिवारी तिथंही जाऊन आलो. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, पण ताईला तिथं कुणी ओळखत नव्हतं.

चौथी जागा हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गिटार, ढोल. लोक हात वर करून मोठ्यानं प्रार्थना करत होते, रडत होते. आई आधी बावरली आणि मग स्वतःच रडायला लागली. अण्णा गेले तेव्हा ती एवढी रडली नव्हती. शेजारच्या बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय झालं मावशी?"

"माझी लेक हारवलीया," आई म्हणाली. "नर्स हाय. पाटनकडची."

त्या बाईनं थोडा विचार केला. "एक पाटणच्या सिस्टर यायच्या आमच्याकडं थोडे दिवस. गोऱ्या, उंच. मग त्या मिरज रोडच्या मागं वसाहतीत छोटं चर्च आहे, तिकडं जायला लागल्या."

घरी येताना आईनं माझा खांदा घट्ट धरला होता. त्या आठवड्यात तिनं एक हिरवी साडी विकत आणली आणि शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. मी तेव्हाही बोललो नाही. ताई भेटली की तिच्या पायावर डोकं ठेवू आणि ती मला सांभाळून घेईल, असं मी स्वतःला समजावत होतो.

वसाहतीतलं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली. आम्ही लवकर पोचलो होतो. एक म्हाताऱ्या बाई बाकांवरची धूळ पुसत होत्या. मुलांची रविवारची शाळा त्याच घेत, म्हणून त्यांना सगळे टीचरच म्हणत. मी ताईचं नाव सांगितलं तसं त्यांनी फडकं बाजूला ठेवलं.

"तुम्ही कोण तिचे?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मी आई तिची."

टीचरनी तिच्याकडं नीट बघितलं. "तिची आई वारली होती," त्या सावकाश म्हणाल्या. "तिला तसा फोनवर निरोप आला होता. इथंच आम्ही सगळ्यांनी तिच्या आईसाठी प्रार्थना केली. ती पुढं उभी राहून आईविषयी बोलली होती."

आई म्हणाली, "मी तर जित्ती हाय."

मग टीचरनी तिला बाकावर बसवलं, हात हातात घेतला आणि उरलेलं सांगितलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ताई वॉर्डात ड्युटीवर होती. तिलाही झाला. दहा दिवसांत गेली. नवरा मुलीला घेऊन सोलापूरला त्याच्या आईवडिलांकडं राहायला गेला.

बायका एकेक करून आत येत होत्या. कुणीतरी पेटी उघडली होती, ती तशीच राहिली. आईनं मांडीवरची पिशवी नीट केली. मग तिनं मान वर केली. मला वाटलं ती टीचरना काही विचारणार, पण तिनं मला विचारलं.

"फोन कुनी केलता? अण्णांनी?"

"फोन ताईनंच केला होता. अण्णा तसं बोलले."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

तिनं पिशवी उचलली, टीचरकडं वळली आणि म्हणाली, "माझी लेक कुठं ठेवलीया, दाखवा."

कबरस्तान जवळच होतं. टीचर त्या दिवशीची उपासना सोडून आमच्याबरोबर आल्या. कबर साधी होती, सिमेंटची, कडेनं तण माजलेलं. आईनं हिरवी साडी आणि पोळ्यांचा डबा पिशवीतून काढलाच नाही. ती खाली बसून तण उपटायला लागली. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे."

तण उपटता उपटता तिनं टीचरना विचारलं, "उभी ऱ्हाऊन काय म्हणाली माझ्याविषयी?"

"मला दहावीनंतर शाळेतून काढायला निघाले होते, आई दोन दिवस जेवली नाही, म्हणून मी नर्स झाले, असं म्हणाली."

"आनि?"

"आईचे हात कायम गार असायचे, म्हणाली. ताप आला की कपाळावर बरं वाटायचं."

"आनि?"

टीचरना आठवेल तेवढं त्यांनी सांगितलं. संपल्यावर आईनं ते पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मी थोडा लांब उभा होतो.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले. स्वयंपाक केला, मला वाढलं, स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. एसटी लागली होती. चढताना ती थांबली.

"तवा तू ल्हान हुतास, ते मला कळतंय," ती म्हणाली. "पर नंतर मोठा झालास की."

मी तिची पिशवी वर दिली. ती आत जाऊन खिडकीशी बसली.

टीचरकडून नंबर घेऊन मी मेव्हण्यांना फोन केला. ते चांगलं बोलले, पण त्यांच्या आवाजात आई जिवंत आहे यावर विश्वास बसल्याचं जाणवत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचीला दोन दिवस गावी घेऊन आले. अकरा वर्षांची पोर, ताईसारखीच उंच. आईला ती "अहो आज्जी" म्हणायची आणि काहीही मागताना आधी वडिलांकडं बघायची. आईनं तिच्या केसांना तेल लावायला घेतलं तर ती अंग चोरून बसली. जाताना नमस्कार केला. त्यानंतर दिवाळीला एक फोन आला, तेवढाच.

आई आता महिन्यातून एका रविवारी पहाटेच्या एसटीनं एकटी सांगलीला येते. चर्चमध्ये बसते, टीचरबरोबर कबरीवर जाते आणि दुपारच्या गाडीनं परत जाते. माझ्या घरी येत नाही. हे मला टीचरनीच सांगितलं. मागच्या महिन्यात मी तिथं गेलो आणि पुरुषांच्या बाजूला मागं बसलो. आई पुढं होती. तिला गीतं येत नाहीत, पण सगळ्यांबरोबर उभी राहते.

बाहेर पडल्यावर मी समोर गेलो.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"नाही अजून. चल ना घरी. मग स्टँडवर सोडतो."

"नगं. रिक्षा सांगितलीया," ती म्हणाली आणि टीचरचा हात धरून कबरस्तानाकडं चालायला लागली.