भरीत झालेच नव्हते

"यायनं तीन वांगे मांडले होते. म्या ते भाजून भरीत केलं. मंग काढाले काही राह्यलंच नाही, तं यायनं नुसते रंग फासले. तवापासून हे मोठे चित्रकार झाले."

माझ्या अमूर्त चित्रकलेचा हा इतिहास माझ्या पत्नीने रचलेला आहे. अमरावतीत तो घरोघरी पोचला, तोवर मी सहन केले. परंतु अकोल्यातील माझ्या प्रदर्शनाच्या संयोजकांनी तो त्या चित्राशेजारी छापून लावण्याचे योजले, तेव्हा मौन सोडणे भाग पडले. आयुष्यभराच्या साधनेचे श्रेय भरताला जावे, हे मला मान्य नाही.

घडले ते असे. वलगावच्या शेतातल्या खोलीत, खिडकीपाशी, मी वांगी मांडली. पहिल्या दिवशी देठ, काटे, चमक, सारे इमानाने रंगवले. चित्र भाजीवाल्याच्या पाटीसारखे दिसू लागले. मग ध्यानात आले की वांग्याच्या सावलीतला जांभळा आणि खिडकीबाहेरच्या ओल्या मातीचा काळा हे सख्खे भाऊ आहेत. मी त्यांच्यामधली रेघ पुसली. देठ गेले, खिडकी गेली. उरला एक गडद विस्तार आणि त्याच्या माथ्यावर हिरवी पट्टी. वांगी त्या वेळी माझ्यासमोरच होती. सुरकुतलेली, पण अखंड.

संयोजकांपुढे मी हे सविस्तर मांडले, तर ही पदर तोंडाला लावून हसली.

"समोर होते, तं चित्रात कावून नाही दिसून राह्यले?"

"पाहणाऱ्याला डोळे हवेत."

"डोळे हायेत मले. चष्मा तुमाले लागला."

"मग ही हिरवी पट्टी कसली, तेवढे सांग."

"त्यात काय सांगाचं? आपलं सोयाबीन हाय. शेंगा धरून राह्यलं होतं."

"काकू, मग मी काय छापू?" संयोजकांनी विचारले.

"माह्यंच छापा. लोक हसतील तरी."

संयोजकांनी मान डोलावली. मी त्यांना हाताने थांबवले. मांडलेली भेंडी आणि गवार संध्याकाळी फोडणीला जाते, हा अनुभव मी पुरेसा घेतला होता. वांगी मी विचारपूर्वकच आणली होती. सोयाबीन शेंगा धरते तेव्हा चातुर्मास असतो, आणि चातुर्मासात ही आपल्या चुलीवर वांगे चढू देत नाही.