किल्लीकाकांचा चहा

आमच्या ऑफिसचा डेटाबेस सगळ्यांचा एकच. त्यात कोणी नुसतं बघायचं आणि कोणी बदल करायचे, हे किल्लीकाका ठरवत. कुणाची नोकरी जाणार असली, की साहेब आधी काकांना त्याचा प्रवेश बंद करायला सांगत. म्हणून एरवी वसकन अंगावर येणारे काका "चहा घेतोस का रे?" म्हणाले, की आम्ही मुकाट टेबल आवरायला घ्यायचो. काकांचा प्रवेश बंद करू शकेल असं मात्र कुणीच नव्हतं.

आज साहेब म्हणाले, "काका, या नव्या मॅडमनाही तुमचे सगळे अधिकार देऊन टाका."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बटण दाबलं.

दुपारी मॅडम त्यांच्या टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, चहा घेता ना?"