लाल कडा

मी डिचोलीतल्या एका खाजगी स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियन आहे. लोकांची डोकी आतून बघण्यात दिवस जातो, त्यामुळे नवस-गाऱ्हाण्यांना मी आयुष्यभर हसत आलो. आता हसू येत नाही... म्हणून लिहितोय.

सेंटरमध्ये डीप लर्निंगचं नवं सॉफ्टवेअर आलं. हजारो स्कॅन बघून शिकलेलं — मेंदूत गाठ वाटली की तिथे लाल कडा काढतं. चाचणीला निरोगी माणूस हवा होता, म्हणून मीच टेबलावर आडवा झालो.

लाल कडा आली. उजव्या कानाच्या वर, सुपारीएवढी.

डॉक्टरांना स्वतःला तिथे काहीच दिसेना. सॉफ्टवेअरची चूक, म्हणाले. पुन्हा स्कॅन केला, पुन्हा तीच जागा. महिन्याने परत बघू, असं ठरलं.

घरी हळर्णला थोरल्या भावाला सांगितलं. दादा आधी हसला. "तुझ्या डोक्यात मशिनीक कायतरी गावलां? मगे मशीन हुशार आसा." पण दुसऱ्या सकाळी मला आणि वहिनीला काजूच्या बागायतीत, ती राखणाऱ्या देवाच्या म्हणजे राखणदाराच्या दगडापाशी घेऊन गेला. आमच्यात गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, थोरल्याने घालायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा.

"देवा म्हाराजा, माझ्या भावाच्या डोक्यात जां काय दिसलां, तां माझ्या माथ्यार घाल."

वहिनीचं तोंड उघडलं नाही. मी मात्र लहानपणापासूनच्या सवयीने बोलून गेलो — "व्हय म्हाराजा."

महिन्याने माझा स्कॅन स्वच्छ आला. त्यानंतर काही दिवसांनी दादाच्या हातातून कोयता निसटायला लागला. त्याला टेबलावर मीच झोपवलं. लाल कडा... तीच जागा, तेवढीच. या वेळी गाठ डॉक्टरांनाही दिसली.

स्कॅनची अदलाबदल झाली असेल, म्हणून मी जुना काढून पाहिला. नाकाचं वाकडं हाड माझंच होतं. आणि दादा त्याआधी कधी मशीनमध्ये गेलाच नव्हता. डॉक्टर म्हणतात, योगायोग. असेलही.

उपचार सुरू आहेत. दादाला म्हटलं, गाऱ्हाणं मागे घे. तो म्हणाला, "थोरलो मी. गाऱ्हाणां घालूचो मान माझो." वहिनी माझ्याकडे न बघता पानात वाढते आणि आत जाते. त्या घरात घास गिळताना मला स्कॅनच्या वेळी डोक्याभोवती बसवतात त्या कॉइलमध्ये डोकं अडकवल्यासारखं वाटतं — हलायचं नाही, आवाज करायचा नाही.

परवा मी एकटाच दगडापुढे उभा राहिलो. म्हटलं, माझं होतं ते मला परत दे. धाकट्याचं गाऱ्हाणं कोण ऐकणार, आणि होकार तरी कोण देणार, असा विचार करत वळणार तोच मागून वहिनीचा हळू आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

उद्या दादाचा पुढचा स्कॅन आहे. त्याच्यानंतर त्याच टेबलावर मी झोपणार आहे. हे सगळं काय आहे, ते मला आजही सांगता येत नाही. लाल कडा दोघांपैकी कोणाच्या डोक्यात दिसू नये म्हणून हात जोडायचे, तेही ठरत नाही.