दिवा न विझवणाऱ्या काकी

गाडीच्या डॅशबोर्डवर पेटलेला इंजिनचा पिवळा दिवा दोन मिनिटांत विझवून देणारे आमच्या करंजाड्यात पाच जण सहज सापडतील. नुसता विझवून द्यायला तोंडावर नकार देणारी एकच बाई होती, आणि तिला आम्ही सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलं. त्याचा संताप मला अजून येतो. आमचाच येतो, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांना सगळे स्कॅनर काकी म्हणत. माहेर जासईचं. नवऱ्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. काकांची नजर अधू झाली, गाडीला जोडून बिघाड वाचायच्या स्कॅनरच्या इवल्याशा पडद्यावरची अक्षरं दिसेनात, तेव्हा काकी शेजारी बसून वाचून दाखवू लागल्या आणि वाचता वाचता शिकल्या. काका गेले तेव्हा दुकान आता बंदच होणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी काकींनी पदर खोचून शटर वर केलं.

गाडी आली की त्या लगेच स्कॅनर जोडत नसत. आधी मालकाला स्टुलावर बसवत.

"सांग, गाडी काय करते?"

"काकी, दिवा लागलाय."

"दिवा मना बी दिसते. गाडी काय करते? धक्के मारते? वास येते? चढाला दमते?"

निम्म्या लोकांना उत्तर देता येत नसे. रोज त्याच गाडीत बसून कामाला जाणारी ही माणसं! मग ती चिडायची, की आम्ही काय परीक्षा द्यायला आलोय का? काकी म्हणायच्या, "डॉक्टरकडं जाऊन नुसतं थर्मामीटर दावतंस का?"

दिव्यांचं शास्त्र मात्र त्या कुणालाही, न विचारता शिकवत. इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर घाबरायचं नाही, पण दोन-तीन दिवसांत गाडी दाखवायची. तोच लुकलुकायला लागला तर जिथे आहोत तिथेच बाजूला घ्यायची. ऑइलचा लाल लागला तर विचार न करता चावी फिरवून बंद करायची. "आनि दिवा पुसायचा कधी? बिघाड काढल्यावर. आधी नाय."

दुसरीकडून दिवा पुसून आलेली गाडी त्यांना बरोब्बर कळायची. एकदा मीच बॅटरीची तार पंधरा मिनिटं काढून ठेवली आणि दिवा गेला म्हणून खूश होऊन हॉर्नच्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे गेलो. स्कॅनर लावताच त्यांनी मान वर केली. "पाटी कोनी पुसली?" मी साळसूदपणे म्हटलं, कुणी नाही. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. गाडी आपल्या आपण काही तपासण्या करत असते, आणि दिवा पुसला की त्या सगळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, हे त्या दिवशी मला कळलं. माझ्या गाडीच्या सगळ्या अपुऱ्या दिसत होत्या. चाळिशीच्या माणसाला शाळेत पकडल्यासारखं वाटलं आणि मी पुढे वर्षभर त्या दुकानाकडे फिरकलो नाही. असा माझा स्वाभिमान.

मग व्हॅनचं प्रकरण झालं. आमच्या सोसायटीतली सात मुलं संपतच्या व्हॅनने शाळेत जायची, त्यात माझी नऊ वर्षांची सई. संपत साताऱ्याकडचा, कष्टाळू माणूस. व्हॅनचा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा तो काकींकडेच गेला. काकींनी सांगितलं, एका सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, ते तसंच पुढे जाऊन सायलेन्सरच्या डब्यात जळतंय, आणि तो डबा पोरांच्या पायांखाली आहे. व्हॅन दोन दिवस ठेवून जा. दोन दिवस मुलांना नेणार कशातून? संपत व्हॅन घेऊन गेला आणि रोज सकाळी बॅटरीची तार काढून दिवा घालवू लागला.

आठवड्याने व्हॅन काकींच्या दुकानावरून गेली आणि तिची धडधड त्यांनी ओळखली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या चालत आमच्या गेटवर आल्या आणि मुलं भरलेल्या व्हॅनसमोर उभ्या राहिल्या.

"आवो काकी, दिवा गेलाय की आता," संपत गयावया करत होता. "पोरास्नी उशीर हुतोय."

आम्ही पालक खाली उतरलो आणि तुटून पडलो. कुणाची युनिट टेस्ट होती, कुणाची नऊची मीटिंग. "सकाळ सकाळ टेन्शन नका देऊ!" असं एकजण ओरडली. आणि मी म्हणालो, "काकी, तुमचं दुकान चालत नाही म्हणून आमच्या मुलांची शाळा बुडवू नका." हे वाक्य माझं आहे.

काकींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हॅनचं दार सरकवून त्यांनी मुलांना विचारलं, "पायाखाली गरम लागते का रं कोनाला?"

सातही हात वर झाले.

काकींनी रबरी चटई उचलली. ती खालून वितळून पत्र्याला चिकटली होती, सोलून काढावी लागली. पोरं पाय सीटवर घेऊन बसत होती. बुटासकट पाय वर घेते म्हणून संपतने सईची तक्रार केली होती आणि मी तिला दोनदा ओरडलो होतो. आम्ही गुपचूप मुलं उतरवून घेतली.

व्हॅन दुरुस्त झाली. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "तत्परतेने व्हॅन दुरुस्त करून घेतल्याबद्दल संपतभाऊंचे व कमिटीचे आभार." खाली फुलं, जोडलेले हात. काकींचं नाव कुणी घेतलं नाही. मीही मुकाट्याने एक अंगठा टाकला. काय म्हणावं या निर्लज्जपणाला!

दोन महिन्यांनी कळलं, काकी दुकान सोडून जासईला लेकीकडे चालल्यात. डाव्या-उजव्या दोन्ही गाळ्यांत दिवे पुसून मिळत होते. स्टुलावर बसायला येणार कोण? मी गेलो तेव्हा त्या स्कॅनरची केबल गुंडाळत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकी, त्या दिवशी मी फार वाईट बोललो. माफ करा."

"माफी मना कशाला मागतंस?" केबल गुंडाळता गुंडाळताच त्या म्हणाल्या. "मी म्हातारी, मना सवय हाय. जा, घरी पोरीला माग. आनि तिला इचार, गरम लागत होतं त बोलली का नाय?"

घरी सई अभ्यास करत होती. मी तिच्या शेजारी बसलो, ओरडल्याबद्दल सॉरी म्हणालो आणि विचारलं, "व्हॅनमध्ये पाय भाजत होते, तर मला सांगितलं का नाहीस?"

तिने वहीतून मान वर केली.

"सांगितलं होतं ना, बाबा. तुम्ही म्हणालात, कारणं देऊ नकोस, पाय खाली ठेवून बस. मग मी ठेवले."