मेश्राम बाईंचं करंजतेल

चाळीस लिटर करंजाच्या तेलाचा मी साबण केला. ठरवून केला असता तर निदान उद्योजक म्हणून नाव झालं असतं. मला करायचं होतं डिझेलऐवजी चालणारं इंधन. तेल होतं डॉ. मेश्राम बाईंचं. महिन्यापूर्वी आमच्या प्रयोगशाळेच्या इंजिन-शेडमधले जुने मेकॅनिक जगताप यांचा फोन आला, ‘बाई गेल्या,’ आणि मला सगळ्यात आधी तो साबणच आठवला. माणूस गेल्यावर काहीतरी उदात्त आठवावं, अशी रीत आहे... माझा इलाज नाही.

बाई मूळच्या भंडाऱ्याच्या. हयात पुण्यात गेली, पण चिडल्या की ‘काहून घाई करून राहिला रे?’ असं तिकडचं बाहेर पडायचं. पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं, तेव्हा या बाई प्रयोगशाळेत बसून जमिनीतलं तेल आटल्यावर काय, याचा विचार करत होत्या. लोणी काळभोरला कालव्याकाठच्या करंजांखाली बसून त्यांनी दोन हंगाम बिया गोळा केल्या. तिथल्या बाया हसायच्या, ‘ह्याला बकरीबी तोंड लावीत न्हाय, अन् तुमी पोत्यानं नेताय व्हय?’ बाईही हसायच्या आणि पोतं शिवायला घ्यायच्या.

दिल्लीहून समिती येणार होती. तिच्यासमोर शेडमधलं इंजिन करंजाच्या इंधनावर चाललं, तर पुढे एक अख्खी बस चालवून बघायला मिळणार होती. मी बाईंचा मदतनीस. त्यांनी माझ्यावर काम सोपवलं ते एवढंच : तेल तापवून त्यातलं पाणी उडवायचं, तडतड पुरती थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. पण संध्याकाळी डेक्कनवर माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. तेल तडतडतच होतं. मी हीटर बंद केला आणि लुना काढली. दुसऱ्या दिवशी त्यात अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा घातला. वर इंधन, खाली ग्लिसरीन असे दोन थर दिसायला हवे होते. तेल ओलं राहिलेलं. पिंपात झालं साबणाचं घट्ट पिठलं.

‘लिमये, काय झालं हे?’ बाईंनी विचारलं.

‘बिया दमट असणार, बाई,’ मी म्हणालो. इतक्या आत्मविश्वासाने मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

‘बरं,’ बाई म्हणाल्या. समितीपुढे उभं राहून ‘चूक माझी’ असं सांगून मोकळ्या झाल्या. समितीने चहा-बिस्किटं घेतली, बस दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. जगतापांनी त्या साबणाने महिनाभर शेडची फरशी धुतली.

पुढच्या हंगामात बिया गच्चीवर वाळत घालायचं काम बाईंनी मला दिलं. रोज सकाळी मी ताडपत्रीवर बिया पसरायचो आणि थोड्या वेळाने बाई वर येऊन एका खोक्यावर बसायच्या. मी बडबडायचो... क्लासमध्ये सरांचीच फ्लॉपी कशी पुसून टाकली, ‘एंटर’ दाबायला कसा घाबरलो. बाई ऐकत. ऊन चढलं की उठताना विचारत, ‘अजून काही?’ ‘नाही बाई, एवढंच.’ ‘बरं.’ आपल्या गप्पांना शेवटी दर्दी श्रोता मिळाला, अशी माझी खात्री पटली. मग मला नोकरी लागली, दोन हजार साल उजाडायच्या आत कॉम्प्युटरमधली दोन आकडी सालं चार आकडी करण्याची. राजीनामा द्यायला गेलो, तेव्हाही बाई म्हणाल्या, ‘अजून काही?’ मी टेबलावर पेढे ठेवले आणि जिना उतरलो.

आता मी काचेच्या इमारतीत बसतो. खाली रस्त्याला करंज आहेत. शेंगा पडल्या की चार उचलून खिशात टाकतो. धुण्याच्या वेळी बायको काय बोलते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बी फोडली की तो कडवट, तेलकट वास येतो आणि वाटतं, त्या गच्चीवरची एक सकाळ परत मिळावी. जास्त नको, एकच... बाईंनी उठताना विचारावं आणि या वेळी मी ‘एवढंच’ म्हणू नये.

बाईंसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जगताप भेटले. बाहेर पडल्यावर टपरीवर चहा घेताना मला राहवेना.

‘जगताप, बिया दमट नव्हत्या हो. तेल मीच अर्धवट तापवलं होतं. माझ्या थापेपायी बाई हंगामभर गच्चीवर बिया वाळवून घेत बसल्या.’

जगतापांनी बशीतला चहा सावकाश संपवला. ‘बिया कोरड्या होत्या, हे बाईंना माहीत होतं. तेल काढायच्या आधी त्यांनी स्वतः तपासल्या होत्या. तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून रोज वर येऊन बसायच्या त्या.’

‘मला वाटलं, त्यांना माझ्या गप्पा...’

‘अहो लिमये,’ जगताप म्हणाले, ‘तुमच्या गप्पा ऐकायला दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने कोण चढेल?’